पोलो जीटी आणि लपवाछपवीचा इतिहास

तळेगाव दाभाडेत राहणाऱ्या माणसाला गाड्या कुठे जन्माला येतात हे वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या एमआयडीसीत जनरल मोटर्सने २००८ मध्ये कारखाना सुरू केला. तिथून स्पार्क निघाली, बीट निघाली. २०१७ मध्ये कंपनीने देशातली विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीस उत्पादनही थांबलं, आणि आता त्याच जागेत ह्युंदाईच्या गाड्या तयार होतात. इंदोरी, महाळुंगे करत चाकणला पोचलात (वाटेत कंटेनर आडवा झाला नाही तर!) की फोक्सवॅगनचा कारखाना. आज लिहायचंय ते तिथल्या एका गाडीबद्दल. पोलो जीटी टीएसआय.

चाकणचा हा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला आणि पोलो तिथे बनली ती २००९ च्या शेवटापासून २०२२ पर्यंत. जीटी टीएसआय आली एप्रिल २०१३ मध्ये. किंमत आठ लाखांच्या आत, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस आणि सात गिअरचा डीएसजी. पहिल्या नोकरीच्या ईएमआयमध्ये बसू शकणारी 'स्पोर्टी' गाडी तेव्हा फारशी नव्हतीच. आता ती सेकंडहँडच मिळते, माझ्याकडेही एक आहे. आणि या गाडीच्या मालकांना एक नाद हमखास लागतो : हिडन फीचर्स शोधायचा. मलाही लागला. पण शोधता शोधता असं लक्षात आलं की गाडीत लपलेल्या प्रत्येक गोष्टीला एक तारीख असते आणि लपवणारा कोणीतरी असतो. म्हणून हा इतिहासाचा लेख.

सुरुवात अगदी किरकोळ गोष्टीपासून. मारुती किंवा होंडावर शिकलेला माणूस पहिल्यांदा पोलो चालवायला बसला की सोमाटणे फाट्यावर वळताना हमखास वायपर सुरू करतो! कारण इंडिकेटरची दांडी डावीकडे. उजव्या स्टिअरिंगच्या आपल्या गाड्यांत जपानी पद्धतीने ती उजवीकडे असायची. युरोपियन कंपन्या मात्र स्टिअरिंग कुठल्याही बाजूला असो, दांडी डावीकडेच ठेवतात, म्हणजे देशागणिक वेगळा भाग बनवायला नको. ती दांडी पुरती न दाबता नुसती टिचकी मारली की इंडिकेटर तीनदा लुकलुकतो, लेन बदलायला पुरतो. चावीवरचं अनलॉकचं बटण दाबून धरलं की काचा खाली येतात (वर्ष आणि व्हेरिएंटप्रमाणे फरक पडतो), मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीसाठी वरदान. हे सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. आपण वाचत नाही, एवढंच लपलेलं.

आता जरा खोलात जाऊ. भारतातल्या या गाडीत ११९७ सीसीचंच इंजिन का? याचं उत्तर बॉनेटखाली सापडत नाही, ते फेब्रुवारी २००६ च्या बजेटमध्ये आहे. पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्यूटी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणली आणि छोटी गाडी म्हणजे काय याची व्याख्या केली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. पोलो २०१० मध्ये १.६ लिटर पेट्रोलमध्येही मिळत होती, ताकद तीच १०५ पीएस. पण ती त्या रेषेच्या पलीकडे, म्हणजे कर जास्त. टर्बो लावून तेवढीच ताकद १.२ लिटरमधून काढली की गाडी रेषेच्या अलीकडे! डिझेलचंही तेच. २०१३ ची जीटी टीडीआय १.६ लिटरची होती, २०१४ मध्ये ती १.५ ची झाली. खरीखुरी जीटीआय २०१६ मध्ये आली ती बाहेरून आयात केलेली, १.८ लिटर, तीन दारांची, फक्त ९९ गाड्या आणि किंमत जवळपास २६ लाख. २०१७ मध्ये जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे दर बदलले, पण बाराशे-पंधराशेची रेषा कायम आहे. म्हणजे 'टर्बोची मजा' म्हणून आपण जे मिरवतो, त्याच्या मुळाशी एक करसवलत आहे.

आता डीएसजी. ही गाडी चालवण्यातली गंमत आणि डोकेदुखी दोन्ही त्यातच. यात क्लच दोन. १, ३, ५, ७ हे गिअर एकावर आणि २, ४, ६ दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून तयार असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. जुन्या हायवेवर कामशेतच्या पुढे एस मोडमध्ये टाकून बघा, गिअर कधी बदलला ते फक्त आवाजावरून कळतं. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला की शेवटी एक 'टक्' लागते, ती किकडाउनची. मग मॅन्युअल मोडमध्ये असलात तरी गिअरबॉक्स तुमचं न ऐकता खालचा गिअर टाकतो. उलट डी मोडमध्ये ही गाडी पेट्रोल वाचवायच्या नादात इतक्या लवकर वरच्या गिअरला जाते की ओव्हरटेक करताना क्षणभर झोपल्यासारखी वाटते.

कल्पना मात्र जुनी आहे. अडोल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने (हा एकेकाळी रशियाच्या झारच्या गाड्या सांभाळायचा) १९३९ मध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स मांडला. मग महायुद्ध आलं आणि कल्पना पडून राहिली. १९८० च्या दशकात पोर्शे आणि ऑडीने ती रेसिंगमध्ये वापरली, २००३ मध्ये गोल्फ आर-३२ मधून ती रस्त्यावर आली. ते क्लच तेलात बुडालेले होते. २००८ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरचा, सुक्या क्लचचा डीएसजी काढला, हलका आणि कमी पेट्रोल खाणारा. आपल्या पोलोत हाच आहे.

सुक्या क्लचला तेलाची अंघोळ नाही, त्यामुळे घासून झालेली उष्णता जायला वेळ लागतो. ब्रेक सोडला की गाडी हळूहळू पुढे सरकते ना, तेव्हा आत गाडी स्वतःच हाफ क्लचवर चाललेली असते. तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी सहाला ट्रकच्या मागे इंच इंच सरकणं म्हणजे क्लच भाजणं. उपाय साधा आहे : पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्यायचं, पुरेशी जागा झाली की नीट सोडून पहिल्यात जायचं, नाहीतर ब्रेक दाबून स्वस्थ थांबायचं. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमध्ये याच गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं ठरवलं, कारण उष्ण, दमट हवेत आणि सततच्या थांबा-निघा ट्रॅफिकमध्ये सिंथेटिक तेलामुळे आतल्या विजेच्या भागात शॉर्ट सर्किट होऊ शकत होतं. थोडक्यात, जर्मन महामार्गांसाठी घडवलेल्या यंत्राला आपल्यासारख्या हवेने आणि ट्रॅफिकने दिलेला फीडबॅक!

हे झालं लोखंडाचं. आता आपल्या धंद्याचं, म्हणजे कोडचं.

स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात केबल लावून लॅपटॉपवर व्हीसीडीएस (अमेरिकेतल्या रॉस-टेकचं सॉफ्टवेअर) उघडलं की गाडीतले कंट्रोलर एकेक करून दिसायला लागतात. प्रत्येकात आकड्यांची एक ओळ असते, तिला कोडिंग म्हणतात. त्यातला एखादा बिट शून्याचा एक केला की काही गाड्यांत चावी फिरवल्यावर मीटरचे काटे टोकापर्यंत जाऊन परत येतात, काहींत वळताना त्या बाजूचा फॉग लॅम्प लागतो. आपल्याकडे ज्याला फीचर फ्लॅग म्हणतात तेच हे. एकच कंट्रोलर अनेक देशांसाठी बनवायचा आणि काय चालू, काय बंद ते नंतर ठरवायचं. (माहीत नसलेल्या बिटाला हात लावू नका, एअरबॅगच्या तर अजिबात नको.)

पण हे सॉकेट तिथे आलं कसं? मालकांच्या हौसेसाठी कोणी दिलेलं नाही. लॉस एंजलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८० च्या दशकात नियम केला की इंजिनचं प्रदूषण नियंत्रण बिघडलं तर गाडीने ते स्वतः सांगितलं पाहिजे. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या कार्सना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ बरोबर एप्रिल २०१० मध्ये पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसरा, म्हणजे जीटी टीएसआय आली त्याच महिन्यात. ज्या दारातून आपण काटे नाचवायला आत शिरतो, ते दार हवा स्वच्छ राहावी म्हणून बसवलेलं आहे.

आणि आता त्याच कंपनीने लपवलेलं सगळ्यात मोठं फीचर. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पण्णा, मार्क बेश या संशोधकांनी २०१३ मध्ये डिझेल गाड्यांच्या मागे मोजणीची यंत्रं बांधून त्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. पसॅट तर लॉस एंजलिसपासून सिअ‍ॅटलपर्यंत नेली. प्रयोगशाळेत पास होणाऱ्या जेट्टाचे नायट्रोजन ऑक्साइड रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाले. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं : स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चाललं, हवेचा दाब, या सगळ्यावरून सॉफ्टवेअर ओळखतं की आपली चाचणी चालू आहे, आणि तेवढ्यापुरती गाडी शहाण्यासारखी वागते. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून कसंतरी होतं. शेवटी तो एक इफ-एल्स आहे. आणि काटे नाचवणाऱ्या बिटासारखाच तोही कोणीतरी ऑफिसात बसून लिहिला, कोणीतरी रिव्ह्यू केला, कोणीतरी रिलीज केला.

हे प्रकरण आपल्या दारातही आलं. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने (हो, आपण जिथे सकाळी फिरायला जातो तीच टेकडी) फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळलं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलायचं जाहीर केलं. १.२ पासून २.० लिटरपर्यंतची ईए-१८९ डिझेल इंजिनं त्यात होती. (टीएसआय पेट्रोल, म्हणून ती यातून सुटली.) कंपनीचं म्हणणं असं की भारतात कुठलाही नियम मोडलेला नाही, कारण रस्त्यावरच्या चाचणीचा नियमच नव्हता. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्तीची कारवाई करू नये.

रस्त्यावरच्या चाचणीचा नियम नव्हता ही गोष्ट खरी होती. तेव्हा गाड्या रोलरवर उभ्या करून ठरलेल्या १,१८० सेकंदांच्या चाचणीत तपासल्या जायच्या, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. त्या चाचणीचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, संक्षेपात एमआयडीसी! आपल्या पट्ट्यातल्या एमआयडीसीशी काही संबंध नाही, पण चाकणच्या एमआयडीसीतून निघालेली गाडी कागदावरच्या एमआयडीसीत पास व्हायची, आणि मधल्या रस्त्यावर काय सोडायची ते कोणी विचारत नव्हतं. त्या रस्त्याकडेला टपऱ्या आहेत, शाळा आहेत, पाळी संपवून बसची वाट बघणारे कामगार आहेत. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात नव्या मॉडेलला खऱ्या रस्त्यावर, मागे यंत्र बांधून चाचणी द्यावी लागते. परीक्षा कधी चालू आहे हे आता कोडला सहज ओळखता येऊ नये, असा हेतू.

पोलो तोपर्यंत संपली होती. २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हाच डिझेल गेलं, १.२ टीएसआय गेलं, डीएसजीही गेला, त्यांच्या जागी १.० टीएसआय आणि साधा ऑटोमॅटिक आला. एप्रिल २०२२ मध्ये 'लेजंड' नावाने शेवटच्या ७०० गाड्या काढून कंपनीने निरोप घेतला.

असो. हिडन फीचर्स शोधायचा नाद सोडा असं मी म्हणणार नाही, मीही सोडलेला नाही. फक्त पुढच्या वेळी एखादं सापडलं की दोन प्रश्न विचारून बघा : हे कोणी लपवलं, आणि कोणापासून? उत्तर बहुतेक वेळा 'खर्च वाचवायला' किंवा 'कर वाचवायला' असंच येईल. पण आपण स्वतः रोज फीचर फ्लॅग लिहितो, तेव्हा हेच दोन प्रश्न सोमवारी ऑफिसात आपल्या कोडलाही विचारायला हरकत नाही.