रुमाल, दप्तर आणि राजवाडे

जुन्या घराण्यांतील कागदपत्रे कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची चाल असे. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे, हे घरच्या जुन्या कारकुनास तोंडपाठ असावयाचे. आणि तो निवर्तला म्हणजे दप्तर जागच्या जागी असूनही मुके होऊन जाई. असली मुकी दप्तरे बोलती करण्यात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे आयुष्य गेले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला, आणि पुढे खंडांची संख्या बावीसपर्यंत गेली. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे मुक्कामी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा मात्र विलक्षण प्रसंग उभा राहिला. ज्याने इतरांचे रुमाल सोडविले, त्याचेच दप्तर आता कारकुनावाचून उरले होते.

इतिहासाचे काम एकट्याने होत नाही, हे राजवाड्यांस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? 1910 साली पुण्यास खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. मोडी पत्राचा कालनिर्णय कसा करतात हे ज्याने पाहिले आहे, त्यास अशा मंडळाची गरज निराळी सांगावयास नको. पत्राच्या शेवटी ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राची तारीख व मुसलमानी महिन्याचे नाव असते. वर्ष पुष्कळदा नसतेच. मग मजकुरातील एखादी स्वारी, एखादा मृत्यू, एखादे लग्न धरून जंत्री उघडावयाची, आणि दुसऱ्या कोणा घराण्याच्या दप्तरातील पत्र शेजारी ठेवून वर्ष ठरवावयाचे. ते दुसरे पत्र दुसऱ्याच माणसाने शोधलेले असते. त्याने ते सभेत वाचले नाही, छापले नाही, त्यास अनुक्रमांक दिला नाही, तर पहिल्याचे पत्र निराधार राहते. मंडळाच्या सभा, संमेलने व वार्षिक इतिवृत्ते ही वरवर पाहता रूक्ष वाटतात. पण शंभर जणांची स्मरणशक्ती एके ठिकाणी आणण्याची ती साधनेच होती.

परंतु राजवाड्यांचा स्वभाव पडला एकांड्या शिलेदाराचा. पुण्याच्या मंडळाशी त्यांचे अखेरपर्यंत जमले नाही. ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी त्यांनी मिळविली, ती एकनाथपूर्व आहे असे प्रतिपादिले, व 1909 साली तिची संहिता प्रसिद्ध केली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. छापील पाठ समोर आहे. पण एखाद्या अक्षराविषयी शंका आली तर ती कोठे जाऊन फेडावी? इतक्या मोठ्या संशोधकाविषयी हे लिहिताना लेखणी अडखळते. तथापि ते लिहिणे भाग आहे.

धुळ्याची परंपरा निराळ्या वळणाची होती. 1906 साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांपैकी पश्चिम खानदेशाचे धुळे हे मुख्य ठिकाण. तेथे शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे रामदासी वाङ्मय जमविण्याचा उद्योग आरंभिला होता. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापून काढला. मठामठांतून मिळालेली बाडे पुढे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ठेवण्यात आली, व प्रत्येक बाडास क्रमांक पडला. क्रमांक घालणे हे काम कोणाच्या कीर्तीचे नव्हे. पण त्या क्रमांकामुळेच दूरदेशीचा अभ्यासक अमक्या बाडातील अमके पद म्हणून निर्देश करू शकतो, आणि दुसरा तेथे जाऊन ते ताडून पाहू शकतो. पूर्व खानदेशातही, अमळनेरास, 1916 साली प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर निघाले होते. एकत्र बसून अभ्यास करण्याची कल्पना या कापसाच्या मुलखास अगदीच अपरिचित नव्हती.

म्हणून राजवाड्यांच्या मागे धुळेकरांनी शोकसभेवर समाधान मानले नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको. 1927 साल उजाडताच भास्कर वामन भट प्रभृती मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना केली आणि दिवंगताचे कागद हाती घेतले. त्यांत मराठी धातूंची व शब्दांच्या व्युत्पत्तीची प्रचंड सामग्री होती. मराठी क्रियापदांचे मूळ पाणिनीय धातूंपर्यंत नेऊन भिडविण्याचा राजवाड्यांचा तो महोद्योग. पण दुसऱ्याच्या टिपणांतून कोश उभा करणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यासच ठाऊक. कर्त्याच्या मनातील संदर्भ कागदावर उतरलेला नसतो; खूण असते, तिचा अर्थ गेलेला असतो. हे काम कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी अंगावर घेतले. ‘धातुकोश’ 1937 साली व ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ 1942 साली मंडळातर्फे बाहेर पडला.

राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पंडितांस मान्य झाल्या नाहीत. काही तर केवळ कल्पनेच्या भराऱ्या आहेत, असे आमचेही मत आहे. पण त्या खोडावयास तरी त्या समोर असाव्या लागतात. कुलकर्ण्यांनी दुसऱ्याच्या शब्दांची ती रास आधी नीट लावून दिली, आणि नंतर, 1946 साली, आपला स्वतंत्र ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ प्रसिद्ध केला. आज एखाद्या शब्दाचे मूळ शोधणारा दोन्ही ग्रंथ मेजावर शेजारी शेजारी उघडे ठेवतो, आणि राजवाडे कोठे घसरले हे राजवाड्यांच्याच पानावर बोट ठेवून पाहतो.