रेडिओलहरींची गर्दी दाखवणारे स्वस्त यंत्र

रेडिओलहरी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे वाय-फाय मंदावले की दोष कुणाचा, हे आपण अंदाजानेच ठरवतो. कधी राऊटर बदलतो, तर कधी सेवा पुरवणाऱ्या कंपनीस बोल लावतो. कोणत्या वारंवारतेवर किती शक्तीचे संदेश चालू आहेत, हे आलेखाने दाखवणाऱ्या उपकरणास वर्णपट विश्लेषक किंवा स्पेक्ट्रम अॅनालायझर म्हणतात. व्यावसायिक दर्जाच्या अशा यंत्रासाठी लाखो रुपये मोजावे लागतात. मात्र मर्यादित कामासाठी त्याची छोटी आवृत्ती मायक्रोकंट्रोलरच्या साह्याने काही शे रुपयांत घरी तयार करता येते.

या मोजणीचे महत्त्व जाणून घ्यायचे तर पुणे जिल्ह्यातील खोडदकडे पाहावे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे उभ्या राहिलेल्या ‘जीएमआरटी’ या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. दुर्बिणीसाठी हा परिसर निवडताना तेथील मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे एक प्रमुख कारण होते. अंतराळातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की जवळचा एखादा सदोष विद्युत जोडही त्यांना झाकोळून टाकू शकतो. म्हणून अशा ठिकाणी परिसरातील लहरींवर सतत लक्ष ठेवावे लागते.

परळी–लातूर रोड लोहमार्गावरील घाटनांदूरसारख्या बीड जिल्ह्यातील गावात महागडे विश्लेषक सहज हाती येणार नाही. तेथील विज्ञानाच्या विद्यार्थ्याला किंवा संगणक दुरुस्त करणाऱ्या तरुणाला खालील जुळणी मात्र आवाक्यातील आहे.

साहित्य आणि जोडणी

एटीमेगा ३२८ हा मायक्रोकंट्रोलर असलेला आर्डुइनो उनो फलक, एनआरएफ-२४-एल-०१ प्लस ही रेडिओ चिप बसवलेला छोटा फलक, १२८ गुणिले ६४ बिंदूंचा ओएलईडी पडदा आणि १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर एवढे साहित्य पुरते. रेडिओ चिपला ३.३ व्होल्टचाच पुरवठा द्यावा. ५ व्होल्ट दिल्यास ती निकामी होण्याचा धोका असतो. कपॅसिटर तिच्या पुरवठ्याच्या दोन टोकांना अगदी जवळ जोडावा, अन्यथा वाचन अस्थिर होते.

यंत्र कसे चालते?

ही चिप २४०० ते २५२५ मेगाहर्ट्झ या टप्प्यातील १२६ वाहिन्यांवर, प्रत्येकी एक मेगाहर्ट्झच्या अंतराने, कान लावू शकते. मायक्रोकंट्रोलर तिला एकेका वाहिनीवर नेतो, सुमारे १७० मायक्रोसेकंद ऐकू देतो आणि एकच प्रश्न विचारतो: उणे ६४ डीबीएमपेक्षा, म्हणजे सुमारे ०.४ नॅनोवॅटपेक्षा अधिक शक्ती आढळली का? उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असते. सर्व वाहिन्यांची एक फेरी सेकंदाच्या काही शतांश भागात पुरी होते. अशा १०० फेऱ्या करून प्रत्येक वाहिनीवरील ‘होय’ मोजले, की गर्दीचा आलेख तयार होतो. १२६ वाहिन्या आणि पडद्याचे १२८ स्तंभ, त्यामुळे प्रत्येक वाहिनीला एक स्तंभ सहज मिळतो.

आलेखाचे वाचन

भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत २००५ पासून परवानामुक्त आहे. साहजिकच वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी माऊस अशा अनेकांची वर्दळ येथे असते. वाय-फायचा संदेश साधारण २० स्तंभ रुंदीचा उंचवटा दाखवतो. ब्लूटूथ वाहिन्या बदलत असल्याने विखुरलेल्या रेघा दिसतात. मायक्रोवेव्ह भट्टी सुरू झाली, की २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट वाढतो. यंत्राची पारख करण्यासाठी आपला राऊटर वाहिनी ६ वर ठेवावा आणि एखादी मोठी फाइल उतरवत राहावी. उंचवट्याचा मध्य ३७व्या स्तंभाजवळ, म्हणजे २४३७ मेगाहर्ट्झवर आला, तर जुळणी बरोबर आहे. वाय-फायच्या १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. आलेख पाहून यांपैकी कमी गर्दीची वाहिनी राऊटरसाठी निवडावी.

मर्यादा विसरू नयेत

स्तंभाची उंची संदेश किती वेळा आढळला हे सांगते, तो किती प्रबळ होता हे नव्हे. शिवाय उणे ६४ डीबीएमपेक्षा क्षीण संदेश या यंत्राला कळतच नाहीत आणि असे संदेशही वाय-फायला अडथळा आणू शकतात. म्हणून कोरा आलेख म्हणजे पूर्ण शांतता, असा निष्कर्ष काढू नये. पाच गिगाहर्ट्झचे वाय-फाय, एफएम नभोवाणी किंवा मोबाइलचे मनोरे हेही त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत. याहून पुढे जायचे असल्यास २०२० मध्ये आलेले ‘टायनीएसए’ हे खिशात मावणारे यंत्र पाहावे. तेही मायक्रोकंट्रोलरवरच चालते आणि त्याची मूळ आवृत्ती १०० किलोहर्ट्झ ते ९६० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा दाखवते.

पुण्या-मुंबईच्या इमारतीत आणि घाटनांदूरच्या शेतावर एकाच यंत्राने आलेख काढून तुलना करणे हा विद्यार्थ्यांसाठी चांगला प्रयोग ठरेल. प्रत्येक आलेखावर जागा, वेळ आणि फेऱ्यांची संख्या मात्र जरूर नोंदवावी, कारण नोंदीविना घेतलेली मोजणी नंतर कशाशीही ताडून पाहता येत नाही.