कापूस अनुदान तंटा

अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत 2002 ते 2014 या काळात लढवलेला खटला. संघटनेच्या दप्तरी तो ‘डीएस 267’ या क्रमांकाने नोंदलेला आहे. खटला ब्राझीलने जिंकला. अनुदाने मात्र रूप बदलून टिकली, आणि पश्चिम आफ्रिकेतील ज्या शेतकऱ्यांची बाजू घेऊन जगभर आवाज उठला त्यांच्या पदरात निकालातून फारसे काही पडले नाही. मुक्त व्यापाराच्या नियमांचा खरा उपयोग कोणाला होतो, या वादात डावे आणि उदारमतवादी असे दोघेही या तंट्याचा दाखला देतात. दोघांनाही तो सोयीचा वाटतो, हे विशेष.

2001 च्या अखेरीस रुईचा जागतिक भाव पौंडाला 40 सेंटच्याही खाली घसरला होता. भाव पडला की कोणत्याही देशातला शेतकरी पेरा कमी करतो. अमेरिकेत तसे झाले नाही, कारण बाजारभाव आणि कायद्याने ठरलेला भाव यांतली तूट सरकार भरून देत होते. त्या हंगामात सुमारे 25,000 अमेरिकी कापूस उत्पादकांना मिळालेली मदत 3 अब्ज डॉलरच्या घरात होती. जगाच्या रुई निर्यातीत अमेरिकेचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक असल्याने या न आटणाऱ्या पुरवठ्याचा भार जगभरच्या भावावर पडला. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या देशांत कापूस पावसावर पिकतो, हाताने वेचला जातो, आणि शेती एक-दोन हेक्टरांची. तिथला उत्पादन खर्च अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी. व्यापारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे टिकायला हवे होते ते हे शेतकरी. कंबरडे मोडले ते त्यांचेच.

ब्राझीलने 27 सप्टेंबर 2002 रोजी सल्लामसलतीची मागणी करून तंट्याला तोंड फोडले. पुढाकार कृषी मंत्रालयातील पेद्रू दि कामार्गू नेतू यांचा होता, आणि वकिलांच्या खर्चाचा मोठा भार कापूस उत्पादकांच्या ‘अब्रापा’ या संघटनेने उचलला. ही संघटना अल्पभूधारकांची नाही. मातू ग्रोसूसारख्या राज्यांत हजारो हेक्टरांवर यंत्राने कापूस काढणाऱ्या बड्या बागायतदारांची आणि कंपन्यांची ती आहे. संघटनेच्या दारी, जिनीव्हात, अमेरिकेला खेचण्याइतका पैसा आणि कायद्याचे बळ त्यांच्यापाशी होते. बेनिन आणि चाड त्रयस्थ पक्ष म्हणून बसले. भारतही त्याच यादीत होता.

अमेरिकेची मुख्य ढाल होती ती शेती करारातल्या तेराव्या कलमाची, म्हणजे ‘शांतता कलमा’ची. कोणत्याही पिकाला दिलेली मदत 1992 च्या पातळीपलीकडे गेली नाही तर 2003 अखेरपर्यंत तिच्याविरुद्ध दाद मागता येणार नाही, अशी ती तरतूद. अमेरिकेचे म्हणणे असे, की शेतकऱ्यांना मिळणारी थेट रक्कम पिकाशी निगडित नाही, म्हणून ती व्यापाराला बाधा न आणणाऱ्या मदतीच्या ‘हरित पेटी’त मोडते आणि हिशेबात धरायची नाही. हा युक्तिवाद एका बारीक अटीवर अडखळला. थेट रक्कम घेणाऱ्याने त्या जमिनीत काहीही लावावे, किंवा काहीच लावू नये, पण फळे, भाजीपाला आणि रानतांदूळ लावल्यास रक्कम कापली जाई. कॅलिफोर्निया-फ्लोरिडातल्या बागायतदारांना स्पर्धा नको म्हणून घातलेली ही अट. जिथे काय लावायचे यावर बंधन आहे तिथे मदत पिकापासून मोकळी म्हणता येत नाही, असे संघटनेच्या पंचमंडळाने ठरवले. एका शेतकरी गटाला खूश करताना दुसऱ्या गटाच्या मदतीचे कवच गेले.

पंचमंडळाचा अहवाल 8 सप्टेंबर 2004 रोजी आला आणि अपीलीय मंडळाने 3 मार्च 2005 रोजी त्यातले मुख्य निष्कर्ष उचलून धरले. ‘स्टेप-2’ या योजनेत अमेरिकी रुई वापरणाऱ्या देशी गिरण्यांना आणि ती परदेशी पाठवणाऱ्या निर्यातदारांना सरकार भावातला फरक देत असे. पहिला भाग आयातीला डावलणारा म्हणून आणि दुसरा निर्यात अनुदान म्हणून, असे दोन्ही भाग बेकायदा ठरले. निर्यात कर्जहमीची योजनाही नियमबाह्य ठरली. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की भावाशी जोडलेल्या मदतीने 1999 ते 2002 या हंगामांत जागतिक भाव लक्षणीय प्रमाणात दाबून धरला. ब्राझीलच्या बाजूने हे गणित कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ डॅनियल समनर यांनी मांडले होते: अनुदाने नसती तर भाव 12 ते 13 टक्क्यांनी जास्त राहिला असता. या साक्षीसाठी समनर यांना मायदेशातल्या शेतकरी संघटनांचा रोष पत्करावा लागला.

याच सुमारास आफ्रिकी देशांनी खटल्याऐवजी वाटाघाटींचा मार्ग धरला होता. ‘कापूस चतुष्टय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वरील चार देशांनी एप्रिल 2003 मध्ये अनुदाने संपवण्याचा आणि तोवर भरपाई देण्याचा प्रस्ताव मांडला. बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ कॉम्पाओरे जूनमध्ये स्वतः जिनीव्हाला गेले. जुलैमध्ये त्यांनी आणि मालीचे अध्यक्ष अमादू तुमानी तुरे यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील कान्कुन येथे मंत्रिपरिषद भरली तेव्हा मसुद्यात त्यांना मिळाले ते असे: कापसावर अवलंबून असलेल्या अर्थव्यवस्थांनी इतर पिकांकडे व व्यवसायांकडे वळावे, त्यासाठी मदतीचा विचार करू. ज्यांचा कापूस जगात फार स्वस्तात पिकत होता, त्यांनाच कापूस सोडा असे सांगणारा हा परिच्छेद वाचून आफ्रिकी प्रतिनिधी संतापले. परिषद अखेर गुंतवणूक, स्पर्धाधोरण वगैरे ‘सिंगापूर मुद्द्यां’वरून फिसकटली, पण तिची हवा कापसाने आधीच बिघडवली होती. पुढे 2005 च्या हाँगकाँग परिषदेत श्रीमंत देशांनी कापसावरील निर्यात अनुदाने 2006 मध्ये बंद करण्याचे मान्य केले. देशांतर्गत मदत, म्हणजे खरे दुखणे, तसेच राहिले. 2019 पासून 7 ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन साजरा होतो. तोही चतुष्टयाच्याच पुढाकाराने.

अमेरिकेने ‘स्टेप-2’ ऑगस्ट 2006 मध्ये गुंडाळली, भावाशी जोडलेल्या मदतीला हात लावला नाही. ब्राझील पुन्हा दाद मागायला गेला आणि पुन्हा जिंकला. 31 ऑगस्ट 2009 रोजी लवादाने प्रतिकारात्मक शुल्क लावण्याचा हक्क दिला. इतकेच नव्हे, तर प्रतिकाराची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास अमेरिकी पेटंट आणि स्वामित्वहक्क गोठवण्याचीही परवानगी दिली. मार्च 2010 मध्ये ब्राझीलने गहू, मोटारी, सौंदर्यप्रसाधने अशा 102 वस्तूंची यादी छापली. यादीवर अमेरिकेला वाटाघाट करता आली असती. औषध कंपन्या आणि हॉलिवूड यांना धक्का लागण्याची शक्यता मात्र वॉशिंग्टनला परवडणारी नव्हती. एप्रिलमध्ये तोडगा निघाला.

तो तोडगा असा: अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यांची मदत लगेच बंद करायची नाही. त्याऐवजी ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर द्यायचे. महिन्याला सव्वा कोटीच्या आसपास हप्ता. पैसे स्वीकारण्यासाठी ब्राझीलमध्ये खास कापूस संस्था उभी राहिली. म्हणजे अमेरिकी करदाता आपल्या कापूस उत्पादकाला पोसत होताच, आता त्या पोसण्याबद्दल तक्रार करणाऱ्या परदेशी उत्पादकालाही पोसू लागला. त्या पैशातून आफ्रिकेतील देशांशी सहकार्याचे काम करायला करारात मुभा होती, त्या देशांना हक्क नव्हता. ऑक्टोबर 2013 मध्ये अमेरिकेने हप्ते थांबवले आणि 1 ऑक्टोबर 2014 रोजी 30 कोटी डॉलर एकरकमी देऊन प्रकरण मिटवले. 2014 चा अमेरिकी शेती कायदा लागू असेतो कापसावर नवी तक्रार करणार नाही, असे ब्राझीलने लिहून दिले. खटल्याचे सूत्रधार राजदूत रोबेर्तो अझेवेदो तोवर जागतिक व्यापार संघटनेचे महासंचालक झाले होते.

2014 च्या कायद्याने रुईला भावाधारित योजनांतून वगळले होते. फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकी संसदेने सरकीसह कापूस हे वेगळे ‘पीक’ मानून त्याला पुन्हा त्या योजनांत बसवले. झाड तेच, शेतही तेच. दरम्यान ब्राझीलने 2023-24 च्या हंगामात अमेरिकेला मागे टाकून रुई निर्यातीत जगात पहिला क्रमांक मिळवला.

महाराष्ट्रात या तंट्याकडे पाहण्याची दृष्टी एकच नव्हती. डावे पक्ष आणि बऱ्याच शेतकरी संघटना जागतिक व्यापार संघटनेचा पाया ठरलेल्या डंकेल प्रस्तावापासूनच या व्यवस्थेच्या विरोधात होत्या. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी मात्र त्या प्रस्तावाचे समर्थन केले, कारण त्यांच्या मते भारतीय शेतकऱ्याला सबसिडी नव्हे तर ‘उणे सबसिडी’ मिळत होती. निर्यातबंदी, सक्तीची खरेदी, आणि राज्याबाहेर कापूस नेऊ न देणारी महाराष्ट्राची एकाधिकार खरेदी योजना हे त्यांचे पुरावे. निदान बरोबर होते. पण दार उघडल्यावर समोर मुक्त बाजार नसून अमेरिकेच्या तिजोरीने पाठ राखलेला विक्रेता उभा असेल, याला त्या मांडणीत पुरेसे वजन मिळाले नाही.

शेती करारातली असमानताही याच पिकावर स्पष्ट दिसते. जुन्या अनुदानदारांना ठरावीक कपात करून मोठा वाटा राखता आला. अमेरिकेची मर्यादा वर्षाला 19.1 अब्ज डॉलर. भारताला तसा वाटा नाही, फक्त उत्पादन मूल्याच्या 10 टक्क्यांची सूट. तीही 1986-88 च्या भावाशी आजचा हमीभाव ताडून. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने भारताच्या कापूस हमीभावावर आक्षेप नोंदवला आणि मदत उत्पादन मूल्याच्या 53 ते 81 टक्के असल्याचा दावा केला. या गणितात हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) प्रत्यक्ष घेतलेल्या गाठी नव्हे, तर देशातले सगळे पीक धरले होते. यवतमाळात हमीभावापेक्षा कमी दराने व्यापाऱ्याला घातलेला कापूसही त्या हिशेबात ‘अनुदानित’ ठरतो.

अपीलीय मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद पडले आहे, कारण अमेरिका नव्या नेमणुका होऊ देत नाही. आता ‘डीएस 267’सारखा निकाल मिळाला तरी हरलेला देश अपील दाखल करून तो बेमुदत लटकवू शकतो. इकडे भारताने 2021 मध्ये रुई आयातीवर लावलेले 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून तात्पुरते उठवले आणि पुढे ही सवलत त्या वर्षअखेरीपर्यंत वाढवली. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लागू केले ते याच ऑगस्टच्या 27 तारखेला. सूत गिरण्यांनी रुईवरील शुल्क उठवण्याच्या निर्णयाचे स्वागत केले, तर नव्या हंगामाच्या तोंडावर भाव पडेल म्हणून कापूस उत्पादकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला.