म्हादईचे पाणी : कुणाला किती, कशासाठी आणि कोणत्या अटीवर

म्हादईचा विषय निघाला की पणजीत एक आकडा ऐकू येतो, हुबळीत दुसरा आणि दोडामार्गात तिसरा. तिन्ही आकडे एकाच निवाड्यातले असतात. गोंधळ होतो तो कोणता आकडा कोणत्या खात्यात धरायचा, यावर.

नदी खानापूर तालुक्यातील देगावजवळ उगम पावते, गोव्यात उतरते आणि पुढे मांडवी म्हणून समुद्राला मिळते. खोऱ्याचे क्षेत्रफळ 2,032 चौरस किलोमीटर आहे. त्यातले 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात आणि 77 महाराष्ट्रात येते. मात्र खोऱ्यात जमीन जास्त म्हणून पाणीही त्याच हिशेबात मिळते, असा कायदा नाही. पाणी हा मुळात राज्याचा विषय. आंतरराज्य नदीवर तंटा झाला आणि बोलणी फसली, तर 1956 च्या कायद्याखाली केंद्र लवाद नेमते. लवाद गरज, सध्याचा वापर आणि उपलब्ध पाणी पाहून वाटप ठरवतो. निवाडा राजपत्रात आला की त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते.

म्हादईसाठी न्या. जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखालील लवाद नोव्हेंबर 2010 मध्ये नेमला गेला. निवाडा 14 ऑगस्ट 2018 रोजी लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये अधिसूचित झाला.

लवादाने खोऱ्यात 188.06 टीएमसी पाणी धरले. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. हा आकडा 75 टक्के विश्वासार्हतेचा आहे, म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे एवढे किंवा जास्त पाणी येईल असा अंदाज. त्यातून गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी दिले गेले. बेरीज 38.75, म्हणजे एकूण पाण्याच्या साधारण पाचवा हिस्सा.

खरी मेख कर्नाटकाच्या 13.42 मध्ये आहे. "तेरा टीएमसी पळवले" असे सीमेच्या एका बाजूला म्हणतात, तर "तेरा मिळाले" असा जल्लोष दुसऱ्या बाजूला होतो. यातले 8.02 टीएमसी वीजनिर्मितीचे आहे. टर्बाइन फिरवून पाणी पुन्हा नदीत सोडायचे, त्याचा शेतीसाठी किंवा नळासाठी खर्च करायचा नाही. उरले 5.40. त्यातले 1.50 टीएमसी म्हादईच्या खोऱ्यातच, म्हणजे खानापूरच्या घाटमाथ्यावरच्या गरजांसाठी वापरायचे. बाहेर वळवायचे ते फक्त 3.90 : कळसा नाल्यातून 1.72 आणि भांडुऱ्यातून 2.18. कर्नाटकाची मूळ मागणी 36.55 टीएमसीची होती. त्यातले 7.56 टीएमसी कळसा-भांडुरातून उचलायचे होते.

वळवलेले पाणी मलप्रभेत जाणार. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे आणि कळसा नाला तिथून हाकेच्या अंतरावर. एक पाणी पूर्वेला, एक पश्चिमेला, एवढाच फरक. मलप्रभेवरच्या नविलतीर्थ धरणातून हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी जाते. नरगुंद, नवलगुंदच्या शेतकऱ्यांची अनेक वर्षांची आंदोलनेही याच धरणाच्या भरवशावरची. पिण्याचे पाणी आधी, मग शेती, मग वीज-उद्योग, हा राष्ट्रीय धोरणातला अग्रक्रम सगळेच मान्य करतात. भांडण आहे ते एका खोऱ्यातल्या गरजेसाठी दुसऱ्या खोऱ्यातून पाणी काढावे का, यावर.

कर्नाटकाचे म्हणणे असे की 3.90 म्हणजे 188 च्या दोन टक्क्यांच्या आसपास, एवढ्याने काय बिघडते? कागदावर हिशेब बरोबर आहे. पण 188 टीएमसी बारा महिन्यांत सारखे विभागून येत नाही, बहुतेक सगळे पावसाळ्यात वाहून जाते. गोव्याची धास्ती उन्हाळ्याची आहे. मांडवीत भरतीचे खारे पाणी बरेच आत शिरते. वरचा गोडा प्रवाह आटला तर क्षार आणखी वर सरकतील. मासळी, खाजन शेती आणि खांडेपारवरच्या ओपासारख्या पाणीपुरवठा केंद्रांपर्यंत हा प्रश्न येतो. वर्षाची सरासरी सांगून उन्हाळ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

महाराष्ट्राचे 1.33 टीएमसी खोऱ्यातल्या वापरापुरते आहे. दोडामार्ग तालुक्यातले विर्डी धरण याच हिशेबात येते. तिळारी मात्र वेगळे प्रकरण. तो गोवा-महाराष्ट्राचा संयुक्त प्रकल्प आहे आणि त्याचा म्हादईशी संबंध नाही. दोन्हींची गल्लत वरचेवर होते.

निवाडा लागला म्हणजे पाणी वळवायला लगेच परवानगी मिळाली, असे नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगाने कळसा-भांडुराचा सुधारित आराखडा मान्य केला, त्यात पाणी उपसून नेण्याची योजना आहे. तरी वनखात्याच्या आणि वन्यजीव कायद्याच्या मंजुऱ्या वेगळ्या लागतात. नाले भीमगड अभयारण्याच्या परिसरातले असल्याने हा टप्पा सोपा नाही. गोव्याने वन्यजीव कायद्याच्या कलम 29 वर बोट ठेवले आहे, आणि तिन्ही राज्ये निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. अंमलबजावणीवर देखरेखीसाठी 'प्रवाह' नावाच्या प्राधिकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2023 मध्ये मंजुरी दिली.

या सगळ्यात कणकुंबी, पारवाड, चोर्ला भागातल्या मराठी गावांचे नाव क्वचितच निघते. बेळगाव जिल्ह्यातला सर्वांत जोरदार पाऊस याच पट्ट्यात पडतो. निवाड्यातले 1.50 टीएमसी खोऱ्यातल्या अशा गावांच्या वाट्याचे आहे. ते वळवायच्या 3.90 मध्ये मिसळलेले नाही, त्यामुळे त्याची मागणी वेगळी करता येते.