दोन पत्रे, पाच डॉक्टर आणि दूरचे एक युद्ध

१ सप्टेंबर १९३८ रोजी रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनातून योने नोगुची ह्या जपानी कवीला एक दीर्घ पत्र लिहिले. त्याच दिवशी मुंबईच्या बंदरातून 'राजपुताना' ही बोट सुटली. तिच्यावर चीनला निघालेले पाच भारतीय डॉक्टर होते. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पत्र लिहिणाऱ्याला बोटीची वेळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही हा योगायोग आम्हांला सोडवत नाही. ज्या देशाला स्वतःचे सैन्य नाही, परराष्ट्र खाते नाही, स्वतःच्या बंदरातून कोणी बाहेर जावे हे ठरवण्याचाही अधिकार नाही, त्या देशाने हजारो मैलांवरच्या युद्धात एक बाजू घेतली, ती काही वर्षे धरून ठेवली आणि तिच्याविषयी आपसांत कडाक्याने वादही घातला, तो नेमका कसा, हे ह्या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसू लागते.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड युद्ध लादले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह ह्यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. जानेवारी १९३८ मध्ये काँग्रेसने देशभर 'चीन दिन' पाळला. फेब्रुवारीत हरिपुरा अधिवेशनाने जपानी आक्रमणाचा निषेध केला आणि जपानी माल घेऊ नये असे लोकांना सांगितले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांच्या आवाहनावरून जुलैमध्ये निधी जमवण्यात आला, आणि त्यातून वैद्यकीय पथक निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. अटल हे नेते. ते नुकतेच स्पेनच्या यादवीत काम करून आले होते.

असा प्रयत्न पहिल्यांदाच होत होता असे नव्हे. १९२७ साली ब्रिटिशांनी शांघायला भारतीय पलटणी धाडल्या तेव्हा डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाने चीनला शुश्रूषा-पथक पाठवायचे ठरवले होते. सरकारने पारपत्रे नाकारली आणि बेत तिथेच थांबला. म्हणजे त्याच वर्षी त्याच देशात भारतीय माणूस बंदूक घेऊन जाऊ शकत होता, मलमपट्टी घेऊन जाऊ शकत नव्हता. १९३८ मध्ये परवानगी मिळाली ह्याचे श्रेय साम्राज्याच्या उदारतेला देण्याची घाई आम्ही करणार नाही. मधल्या अकरा वर्षांत जपान ब्रिटनचा प्रतिस्पर्धी झाला होता, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

बहिष्काराची गोष्ट मात्र निधीइतकी सरळ नव्हती. भारत आणि जपान ह्यांच्यातला खरा धागा कापसाचा होता. १९३३ साली भारत सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढवली. त्यावर जपानी गिरण्यांनी भारतीय कापूसच घेणे बंद केले. अखेर १९३४ चा करार झाला. जपानने भारताचा १० लाख गाठी कापूस उचलायचा आणि त्याच्या बदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड भारतात विकायचे. गाठी वाढल्या की वारही वाढायचे, ठरावीक मर्यादेपर्यंत. हा कापूस मुख्यतः आखूड धाग्याचा, म्हणजे वऱ्हाड-खानदेशाच्या शेतकऱ्याच्याही घरचा. तेव्हा 'जपानी माल घेऊ नका' ह्या वाक्याचा अर्थ शहरातल्या गिरणीमालकाला एक आणि अमरावतीच्या बाजारात गाडी लावून बसलेल्या शेतकऱ्याला दुसरा. मालकाला तत्त्व आणि नफा एकाच पंगतीत वाढले जात होते. शेतकऱ्याच्या पानात तत्त्व तेवढे पडत होते. दूरच्या युद्धाविषयीची सहानुभूती कोणाच्या खर्चाने चालते हा प्रश्न ठरावांच्या भाषेत सहसा उमटत नाही. तो बाजारभावात उमटतो.

आता पत्रांकडे वळू. नोगुची हे कोणी ऐरेगैरे प्रचारक नव्हते. त्यांनी तरुणपणी अमेरिकेत राहून इंग्रजीत कविता लिहिली, जपानी कवितेची ओळख पाश्चात्त्यांना करून दिली, आणि १९३५-३६ मध्ये भारताचा दौरा करून शांतिनिकेतनाचा पाहुणचारही घेतला. जुलै १९३८ मध्ये त्यांनी रवींद्रनाथांना लिहिले ते ह्या जुन्या स्नेहाच्या बळावर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हे युद्ध चीनच्या जनतेविरुद्ध नाही, पाश्चात्त्यांच्या हातचे बाहुले झालेल्या राजवटीविरुद्ध आहे, आशिया आशियाईंचा व्हावा म्हणून ही क्लेशदायक पण अटळ वाट चालणे भाग आहे. जपानी सामान्य माणूस ह्यासाठी केवढा त्याग करीत आहे, हेही त्यांनी कळकळीने सांगितले.

रवींद्रनाथांच्या उत्तरात आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी 'आशिया' हा शब्द प्रतिपक्षाला देऊन टाकला नाही. आशियाच्या एकात्मतेचे स्वप्न त्यांचे स्वतःचे होते. १९१६ च्या जपान-दौऱ्यात त्यांनी राष्ट्रवादाविरुद्ध बजावले तेव्हा जपान्यांनी त्यांची पराभूत देशाचा कवी म्हणून संभावना केली होती. आणि १९३७ च्या एप्रिलात त्यांनी शांतिनिकेतनात चीन भवन उघडले होते. म्हणून ते म्हणू शकत होते की ज्या आशियाची भाषा तुम्ही करता तो आशिया माझा नव्हे. प्रेतांच्या राशीवर उभारलेली एकता पाश्चात्त्यांकडून घेतलेली आहे, त्यांच्याविरुद्ध नाही. सैनिकांच्या त्यागाविषयीही ते सावधपणे बोलतात. त्याग खरा असतो, आणि ज्या कारणासाठी तो मागितला जातो ते खोटे असू शकते. जपानी सैनिक विजयाची प्रार्थना करायला बुद्धमंदिरात गेल्याची बातमी वाचून त्यांनी त्याच सुमारास 'बुद्धभक्ती' ही कविता लिहिली होती, हे इथे आठवावे.

नोगुचींनी ऑक्टोबरात पुन्हा लिहिले, रवींद्रनाथांनी पुन्हा उत्तर दिले. शेवटी जपानी जनतेसाठी त्यांनी यश चिंतले नाही, पश्चात्ताप चिंतला. स्नेह संपला.

साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या पत्रव्यवहारातील एक गोष्ट विशेष पाहावी. दोघांचीही मातृभाषा नसलेल्या इंग्रजीत तो झाला. एका बंगाली कवीने एका जपानी कवीला चीनविषयी लिहिलेले पत्र हे केवळ त्या दोघांमधले नव्हते. तिसरा वाचक, म्हणजे इंग्रजी वाचणारे जग आणि त्यातही इंग्रजी वाचणारा भारत, दोघांच्याही नजरेसमोर होता. पत्रे 'विश्वभारती क्वार्टर्ली'त छापली गेली. ती खाजगी म्हणून वाचणे भाबडेपणाचे, आणि प्रचारपत्रके म्हणून बाजूला सारणे आळसाचे ठरेल.

भारतात सगळेच रवींद्रनाथांच्या बाजूचे होते असे समजणे चूक होईल. टोकियोत आश्रय घेऊन राहिलेले रासबिहारी बोस जपानविरोधी प्रचार थांबवावा म्हणून भारतीय नेत्यांना विनवीत होते. त्यांचा हिशेब साधा होता: ब्रिटनला जो हादरा देईल तो आपला. ऑगस्ट १९३८ च्या आरंभी, बोट सुटण्यापूर्वी महिनाभर, सावरकरांनी पुण्याच्या जाहीर सभेत परराष्ट्रनीतीवर भाषण केले. दुसऱ्या राष्ट्राने कोणती राज्यपद्धती पत्करावी हे सांगणारे आपण कोण, मैत्री आणि वैर वादांवरून नव्हे तर देशहितावरून ठरावे, असा त्यांचा रोख होता. ह्या भूमिकेला तर्क नव्हता असे म्हणता येणार नाही. गुलाम देशाने जगाची नैतिक चिंता वाहावी हा तिला विलास वाटत होता. नेहरूंचे उत्तर असे की आपली गुलामी आणि चीनवरचे आक्रमण ह्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. आमचा कल नेहरूंकडे आहे. पण 'देशहित' हा शब्द उच्चारला की समोरचा गप्प होतो आणि 'मानवता' उच्चारला की होत नाही, हे तेव्हाही खरे होते.

सुभाषचंद्रांचे काय? ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांनी 'मॉडर्न रिव्ह्यू'त जपानच्या पूर्वेकडील भूमिकेवर लेख लिहिला. त्यात जपानने पाश्चात्त्यांना दिलेल्या आव्हानाचे कौतुक होते आणि चीनवरील आक्रमणाचा स्पष्ट निषेधही होता. त्याच माणसाने पथकासाठी निधी उभा केला, आणि तोच १९४३ साली टोकियोत जपानच्या पंतप्रधानांशी बोलणी करीत होता. ह्याला कोणी विसंगती म्हणेल, कोणी संधिसाधूपणा. लेखातली दोन्ही वाक्ये प्रामाणिक होती आणि पाच वर्षांनी परिस्थितीने त्यांतले एकच वाक्य शिल्लक ठेवले, असे आम्हांला वाटते.

पथक हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचले, पुढे हँको, चुंगकिंग, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान. चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत. मुखर्जी आणि चोळकर १९३९ मध्ये परतले, अटल त्यानंतर, बसू १९४३ मध्ये. ह्यांतील कोणी कमी पडले असे म्हणण्याचा आम्हांला काही अधिकार नाही. पथक मुळात ठरावीक मुदतीसाठीच गेले होते. पण दूरच्या देशाची मदत अशीच असते: उत्साह निरोपाच्या सभेत सर्वांत जास्त, मग पत्रे विरळ होतात, मग निधी आटतो, आणि शेवटी काम एखाददुसऱ्या माणसाच्या अंगावर येते. कोटणीस चिनी शिकले, शस्त्रक्रिया करीत राहिले, जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्यांनी को छिंगलान ह्या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव इन्‌हुआ ठेवले. त्यातले 'इन' भारताचे आणि 'हुआ' चीनचे. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२.

ते गेले त्या वर्षी मायदेशी चित्र पार पालटले होते. फेब्रुवारीत च्यांग कै-शेक भारतात येऊन गेले. भारतीयांनी युद्धात ब्रिटनला साथ द्यावी आणि ब्रिटनने भारताला स्वातंत्र्य द्यावे, अशी दोन्हींकडे त्यांची रदबदली होती; एकाही बाजूने ती पुरती ऐकली नाही. चीनला पाठिंबा म्हणजे आता ब्रिटनच्या फौजेला पाठिंबा, असे समीकरण झाले. गांधींनी जूनमध्ये च्यांगना पत्र लिहून चीनचे नुकसान होऊ देणार नाही असा शब्द दिला, जुलैत 'हरिजन'मधून जपान्यांना उद्देशून लिहिले आणि ऑगस्टमध्ये ब्रिटिशांना चालते व्हा म्हटले. तिन्हींत सुसंगती आहे, पण ती टिकवणे फार थोड्यांना जमले. कम्युनिस्टांनी लोकयुद्धाची हाक देऊन आंदोलनाकडे पाठ फिरवली, आणि त्याची किंमत पुढे अनेक वर्षे मोजली.

ख्वाजा अहमद अब्बासांनी कोटणीसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले ते ह्याच वातावरणात, १९४४ साली. त्यावरून व्ही. शांतारामांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. नायक ते स्वतः, छिंगलानच्या भूमिकेत जयश्री. आमच्यापैकी बहुतेकांना कोटणीस प्रथम भेटले ते ह्या पडद्यावर. चित्रपटात साथीच्या रोगाशी झुंजताना डॉक्टर जातात; अपस्मार कथेला सोयीचा नव्हता.

हा चित्रपट १९४६ साली आला. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर १९४५ पासून, लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता. भुलाभाई देसाई बचाव करीत होते, आणि नेहरूंनी अनेक वर्षांनी अंगात वकिलाचा झगा चढवला होता. देशभर त्या अधिकाऱ्यांच्या नावाचा जयजयकार होत होता. जपानच्या बाजूने लढलेली ती माणसे होती. मुंबईत हेच प्रेक्षक त्या मोर्चांतून निघून थोड्याच दिवसांनी चित्रपटगृहात बसले, आणि जपानी शिपायांच्या तावडीत सापडलेल्या सोलापूरच्या डॉक्टरासाठी त्यांनी डोळे पुसले.