नोंदीतले मन

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलावाच्या पाळीवर आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन बसलो होतो. परिसरातलेच एक निवृत्त जवान सोबत होते. त्यांची बरीचशी नोकरी एका केंद्रीय सशस्त्र दलात झालेली. दलांमधील आत्महत्यांचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, ''सर, पाय मोडला तं सांगता येते. झोप येत नाही, हे नाही सांगता येत.''

का सांगता येत नाही, याचा इतिहास कागदपत्रांत आहे. एमिल दुर्खीम यांचा 'आत्महत्या' हा ग्रंथ 1897 सालचा. त्यासाठी त्यांचा भाचा मार्सेल मॉस याने फ्रेंच न्याय खात्यातील सुमारे 26,000 नोंदी वर्गवार लावल्या. युरोपातील सैनिकांत आत्महत्यांचे प्रमाण नागरिकांहून अधिक आहे, हे दुर्खीमना आकड्यांतून दिसले. मात्र नोंदींतील 'कारण' या रकान्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. त्यांच्या मते ते मृताचे कारण नसून लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे मत असते. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2014 पासून केंद्रीय दलांतील आत्महत्यांचा स्वतंत्र तपशील येऊ लागला. त्यातील 'कौटुंबिक समस्या' हा रकाना वाचताना दुर्खीमची ही शंका आठवल्यावाचून राहत नाही.

मेलेल्याची नोंद आकड्यात जाते; जगलेल्याची मात्र दीर्घकाळ गुन्ह्यात जात असे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 309 आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देत असे. या कलमाला मुंबई उच्च न्यायालयाने 1986 साली घटनाबाह्य ठरवले, ते एका गणवेशधारी माणसाच्या प्रकरणातच. अपघातानंतर मानसिक आजार जडलेला तो मुंबईचा पोलीस शिपाई होता. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने विचारले ते थोडक्यात असे: ज्याला उपचार हवेत त्याला तुरुंग कशासाठी? 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा वैध ठरवले. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, ते तसे उरले नाही. परंतु लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न आजही गुन्हाच आहे.

कायदा असा सैलावला, तरी वैद्यकीय वहीचा धाक कायम आहे. सैन्यात व केंद्रीय दलांत जवानाची प्रकृती 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. श्रवण, अवयव, शरीर, दृष्टी यांच्याही आधी, पहिल्या अक्षरात, मन येते. प्रत्येकापुढे एकपासून पाचपर्यंत अंक. मनापुढचा अंक वाढला की बढती अडते, नेमणूक बदलते, शस्त्र हाताळण्यावर बंधने येऊ शकतात. हातात बंदूक असलेल्या आजारी माणसाविषयी ही सावधगिरी अवाजवी नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण ज्या नोंदीने माणूस वाचायचा, तिच्याच भयाने तो डॉक्टरपासून दूर राहतो.

आता गोपनीयतेचे पाहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. त्याला सार्वजनिक सुरक्षेचा अपवाद आहे. दुसरीकडे, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारखी दले 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातून, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, बाहेर ठेवलेली आहेत. म्हणजे दलाची गोपनीयता भक्कम. जवानाची मात्र तशी नाही: काल बंदूक घेऊन जाणारा आज स्वयंपाकघरात दिसला, की वही न उघडताही सगळ्या तुकडीला तिच्यातला मजकूर कळतो.

पाळीवरून उठताना आम्ही त्या गृहस्थांना विचारले, तुम्ही मग काय केलेत? ते म्हणाले, सुट्टीवर आलो की गोंदियाच्या एका डॉक्टरकडे जात असे. पैसे रोख देई, आणि नाव सांगे थोरल्या भावाचे.

भाऊ शेती करतो. त्याला याचा अजून पत्ता नाही.