गिरण्यांच्या सोलापुराभोवती

सोलापुरास उतरणारा यात्रेकरू बहुधा तुळजापूर, अक्कलकोट वा पंढरपूर गाठतो आणि चादर घेऊन परततो. इतिहासप्रेमी मनुष्याने मात्र येथे थोडे थांबावे.

१८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी निघाली आणि शहराची दिनचर्या भोंग्यावर चालू लागली. ती जुनी गिरणी पुढे बंद पडली. परंतु त्या कामगारवस्तीचे शौर्य विसरता येत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची वार्ता येताच शहर उसळले व सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. त्यांच्या स्मृतीचा चार हुतात्मा चौक प्रथम पाहावा.

मग पूर्वेस नळदुर्ग. तेथे बोरी नदीच्या बांधाच्या पोटातच आदिलशाही पाणीमहाल आहे. वरून पाणी कोसळत असता आतील मनुष्य कोरडा राहतो.

भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल. तेथील संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय.

दगड स्वतः बोलत नाही, वाचणारा लागतो. म्हणून शिक्षकबंधूंस विनंती, सहलीत हा लेख मुलांकडून वाचवून घ्यावा, आणि चौकातील ती चार नावेही.